रिबिन्स्क: व्होल्गाकाठच्या गावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिबिन्स्क नेमकं कुठे आहे?

रशियात, मॉस्कोच्या उत्तरेला, यारोस्लाव्हल प्रांतात. यारोस्लाव्हल शहरापासून व्होल्गाच्या काठाकाठाने वर गेलं की साधारण ८० कि.मी.वर. शेक्स्ना आणि चेरेमुखा या दोन नद्या इथे व्होल्गाला मिळतात. गावाचं सगळं नशीब या संगमात, त्यातही शेक्स्नात, दडलेलं आहे.

नावाचा अर्थ काय?

रशियन भाषेत 'रिबा' म्हणजे मासा. मूळ नाव रिब्नाया स्लोबोदा, म्हणजे आपल्या भाषेत सरळ कोळीवाडा. दरसाल ठरलेले मासे झारच्या मुदपाकखान्यात पोचवायचे ही या वस्तीची बांधीलकी होती. त्यात स्टर्जन जातीचे मोठे मासेही आले. १७७७ मध्ये कॅथरीन दुसरीने वस्तीला शहराचा दर्जा दिला. पुढच्या वर्षी मिळालेल्या राजचिन्हावर अस्वल आहे, ते यारोस्लाव्हलचं. खाली नदी, धक्का आणि दोन मासे आहेत, ते रिबिन्स्कचे. चिन्ह आखणाऱ्याने धक्का विसरला नाही, कारण तोवर गावाचं पोट मासळीवर कमी आणि धक्क्यावर जास्त चालत होतं.

तेव्हाच्या राजधानीपासून, म्हणजे सेंट पीटर्सबर्गपासून, इतकं लांबचं गाव श्रीमंत कसं झालं?

खोल पाणी इथे संपायचं म्हणून. याहून नेमकं उत्तर नाही.

खालच्या व्होल्गातून धान्य, मीठ, लोखंड, तेल वर यायचं ते मोठ्या नावांतून. रिबिन्स्कपर्यंत नदीला त्या नावा पेलण्याइतकी खोली होती. त्यापुढे व्होल्गा उथळ. सेंट पीटर्सबर्गला जायचं तर छोट्या नद्या, कालवे आणि लॉक (पाणी भरून-सोडून नाव वर-खाली नेणारे बंद कक्ष) ओलांडावे लागत, आणि तिथे मोठी नाव शिरतच नसे. म्हणजे मोठ्या नावेतला माल रिबिन्स्कला उतरायचाच आणि उथळ बुडाच्या लहान नावांत भरायचाच. एका मोठ्या नावेमागे लहान नावांचा तांडा लागे. माल जिथे एका हातातून दुसऱ्या हातात जातो तिथे हमाली, साठवण, विमा, दलाली, दोरखंड, ताडपत्री, खानावळी असं सगळं उभं राहतं. रिबिन्स्कने स्वतः धान्य फारसं पिकवलं नाही. दुसऱ्याचं धान्य इकडचं तिकडे करून ते मोठं झालं.

राजधानीकडे जाणारे जलमार्ग तीन होते, आणि तिन्ही रिबिन्स्कवरून फुटत:

- विश्नी वोलोचोक मार्ग (१७०९, पीटर द ग्रेटच्या काळातला): वर त्व्हेरपर्यंत व्होल्गा, मग त्वेर्त्सा आणि म्स्ता. म्स्ता नदीवर बोरोविचीजवळ खडकाळ, जोरात खळाळणारा पट्टा आहे, त्यामुळे हा एकेरीच. गेलेली नाव परत येत नसे, पीटर्सबर्गला ती मोडून सरपणाच्या भावात विकत.
- मारिइन्स्की मार्ग (१८१०): शेक्स्ना, बेलोए सरोवर, कोव्झा, वितेग्रा, ओनेगा, स्विर, नेवा. जड धान्याचा मुख्य रस्ता हा.
- तिखविन मार्ग (१८११): मोलोगा नदीवरून. नावा लहान, पण वेग चांगला. किमती आणि घाईचा माल इकडून जाई.

बुर्लाक म्हणजे कोण? गुलाम का?

नाही. प्रवाहाविरुद्ध नाव दोराने ओढणारे हे मोलकरी. बहुतेक शेतकरी, आणि त्यातले बरेच भूदास. सारा भरायला रोकड हवी म्हणून ते नदीवर येत. ऊसतोड टोळीची व्यवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. हिवाळा सरता सरता नदीकाठच्या गावांत माणसांचे बाजार भरत. तिथे टोळी ठरे, उचल दिली जाई, आणि माणसाचा परवाना मालकाच्या ताब्यात राही. उचल घेतली की हंगाम पुरा केल्याशिवाय सुटका नाही. आजारी पडलेल्याला वाटेतल्या काठावर सोडून टोळी पुढे जाई.

टोळीला 'आर्तेल' म्हणत. सगळ्यात पुढचा, पाण्याचा आणि काठाचा अंदाज असलेला, अनुभवी गडी म्हणजे 'शिश्का'. तोच चाल ठरवी. सगळ्यात मागचे, झुडपांत आणि खडकांत अडकलेला दोर सोडवणारे, ते 'कोस्नी'. प्रत्येकाच्या छातीवर चामड्याचा रुंद पट्टा असे, त्याला 'ल्यामका' म्हणत. तो पट्टा मुख्य दोराला, 'बेचेवा'ला, जोडलेला. काठावरून चालायची वाट राखीव ठेवलेली होती.

हिशेब असा: सुमारे १००० पूड मालामागे ३-४ माणसं. पूड म्हणजे १६.३८ किलो, तेव्हा माणशी चार-पाच टन. वारा अनुकूल नसेल तर दिवसाला जेमतेम दहा कि.मी. एकजण पाऊल चुकला की त्याचा भार शेजाऱ्यावर येई, म्हणून सगळे एकाच पायाने, उजव्याने, पाऊल टाकत आणि डावा ओढून घेत. ओढायची गाणी तालासाठीच होती. मन रमवायला म्हणून गायली जात, ही समजूत नंतरची.

रिबिन्स्क हे या साऱ्यांचं शेवटचं ठिकाण. नावा इथे पोचल्या की टोळ्यांचा हिशेब होई. हंगामात काही हजारांचं गाव फुगून एक लाखाच्या घरात जाई. 'बुर्लाकांची राजधानी' हे नाव तेव्हापासूनचं. व्होल्गाच्या काठावर बुर्लाकाचा पुतळाही आहे, १९७७ चा.

रशियन चित्रकार रेपिनचं ते प्रसिद्ध बुर्लाकांचं चित्र इथलंच ना?

नाही. रेपिनने त्याची रेखाटनं १८७० मध्ये समाराजवळच्या शिर्यायेव्होत केली आणि चित्र १८७३ मध्ये पुरं केलं. शिवाय तोवर आगबोटी आल्या होत्या आणि बुर्लाकांचा धंदा शेवटाकडे झुकला होता.

धक्क्यावर माल उतरवायची पद्धत काय होती?

हमालांना 'क्र्युच्निक' म्हणत, कारण हातात लोखंडी आकडा. पाठीवर कातडी गादी बांधलेली. पोतं त्या गादीवर टेकवायचं आणि आकड्याने खांद्यावरून धरून ठेवायचं. पिठाचं प्रमाण पोतं ९ पुडांचं, म्हणजे १४७ किलोच्या आसपास. आपल्याकडच्या दीड क्विंटलच्या जवळ जाणारं हे वजन घेऊन ओल्या फळीवरून नावेत जायचं. फळीला लचक असते, म्हणून पाऊल तिच्या लयीत टाकावं लागतं. लय चुकली की माणूस आणि पोतं दोन्ही पाण्यात. तुटलेल्या किंवा भिजलेल्या पोत्याची भरपाई टोळीच्या मजुरीतून कापली जाई.

धान्य रिबिन्स्कहून पुढे जाताना कुठे अडे?

तीन ठिकाणी, आणि तिन्हीची कारणं वेगळी.

एक, पाणी कमी पडणं. शेक्स्नावर खडकाळ उथळ पट्टे आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की भरलेली नाव बुडाला टेके. मग 'पाउझोक' नावाच्या चपट्या होडीत थोडा माल काढायचा, नाव पट्टा ओलांडेपर्यंत हलकी ठेवायची, आणि पुढे पुन्हा भरायची. दोनदा हमाली, दोनदा गळती.

दोन, घोडे. शेक्स्ना आणि पुढच्या मार्गावर नावा ओढायला घोडे लावत, आणि त्या ओढवाटांवर काळपुळी (अँथ्रॅक्स) वारंवार पसरे. घोडे मेले की वाहतूक थांबे, माणसंही दगावत. 'टुएर' हा साखळीवर चालणारा बोटीचा प्रकार शेक्स्नावर आला त्यामागे हेही एक कारण होतं. नदीच्या तळाशी साखळी अंथरलेली असे. बोट ती पुढून उचलून ड्रमवर गुंडाळत पुढे सरके आणि मागे सोडत जाई. प्रवाह कितीही असो, ती मागे ढळत नसे.

तीन, बर्फ. ताफा उशिरा निघाला आणि थंडी लवकर आली की नावा जिथल्या तिथे गोठत. पीटर्सबर्गमध्ये पिठाचा भाव चढे, इकडे धान्याला ओल लागे, आणि मालकाला वसंतापर्यंत पहारेकरी पोसावे लागत.

धान्याचा बाजार तिथे कधी सुरू झाला?

इमारत १८११ मध्ये बांधून तयार झाली, व्होल्गाच्या अगदी काठावर. बाजार मात्र रीतसर सुरू झाला १८४२ मध्ये. मधली तीस वर्षं व्यापारी तिकडे फिरकलेच नाहीत, कारण चहाच्या किटलीसमोर खानावळीत बसून सौदा करायची सवय. सरकारने बांधलेल्या मार्केट यार्डात अडत्यांनी पाऊल न टाकण्याचा हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही. दुसरी, विटांची चित्रासारखी नवरशियन धाटणीची इमारत १९१२ ची. आज तिथे शहराचं संग्रहालय आहे.

रेल्वेने धंदा बुडवला का?

लगेच नाही. १८७० मध्ये रिबिन्स्क-बोलोगोए रेल्वे सुरू झाली आणि बोलोगोएला ती मॉस्को-पीटर्सबर्ग मार्गाला जोडली गेली. पहिल्या टप्प्यात फायदाच झाला. माल लहान नावांऐवजी वाघिणीत भरायचा, एवढाच फरक. उतरवणं-चढवणं रिबिन्स्कलाच राहिलं आणि पोचायचे दिवस कमी झाले. तेलाचा माल खालून येऊ लागला तसे नोबेल बंधूंच्या कंपनीनेही इथे बस्तान बसवलं. मात्र रेल्वेचं जाळं जसजसं दक्षिणेत आणि पूर्वेत पसरलं, तसं धान्य नदीला वळसा घालून थेट निघू लागलं. गाव एका दिवसात कोसळलं नाही, पण नुसत्या उतारधंद्यावर आता पोट भरणार नाही हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागलं होतं.

मग विमानाची इंजिनं बनवायचा कारखाना इथेच का?

पहिल्या महायुद्धात आघाडीपासून लांब, पण रेल्वे आणि नदी दोन्ही असलेल्या गावाचा शोध सुरू होता. १९१६ मध्ये 'रुस्की रेनो'ने इथे मोटारींचा कारखाना उभारायला घेतला. क्रांतीने काम रखडलं. नंतर सोव्हिएत सरकारने त्याच जागेवर विमान-इंजिनांचा २६ क्रमांकाचा कारखाना चालवला. परवाने घेऊन सुरुवात झाली: जर्मन बीएमडब्ल्यूवरून एम-१७, फ्रेंच हिस्पानो-सुइझावरून एम-१००. मुख्य डिझायनर क्लिमोव यांनी ही इंजिनं हळूहळू सुधारून आपली केली.

१९४१ च्या शरदात जर्मन जवळ आले तेव्हा यंत्रसामग्री आणि माणसं उफाला हलवली गेली. उफाचा आजचा मोठा इंजिन कारखाना त्यातूनच वाढला. युद्धानंतर रिबिन्स्कला कारखाना पुन्हा उभा राहिला. २००१ मध्ये ल्युल्का-सातुर्न या इंजिन कंपनीशी विलीन होऊन 'सातुर्न' झालं. फ्रान्सच्या स्नेक्मा या इंजिन कंपनीबरोबर भागीदारीत बनवलेल्या सॅम-१४६ इंजिनावर सुखोई सुपरजेट २०११ पासून प्रवासी घेऊन उडू लागलं. २०२२ नंतर फ्रेंच बाजूचा पुरवठा थांबला. तापलेला गाभा, म्हणजे उच्च दाबाचं दाबयंत्र, ज्वलनकक्ष आणि उच्च दाबाची टर्बाइन, फ्रेंचांकडून येत असल्यामुळे सुटे भाग ही खरी अडचण ठरली. पर्याय म्हणून पूर्ण रशियन पीडी-८ इंजिनावर काम चाललं आहे.

याचा भारताशी काही संबंध?

हो, आणि तो आकाशात दिसतो. भारतीय हवाई दलाचं आयएल-७६, म्हणजे 'गजराज', १९८५ पासून सेवेत आहे. त्याच्या पंखांखालची चार डी-३०केपी इंजिनं रिबिन्स्कची. गजराजचा तो कर्कश आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांनी हे गाव ऐकलेलंच आहे.

दुसरा धागा जुना. त्व्हेरचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्होल्गातून खाली उतरत पुढे चौल आणि जुन्नरला आला. उग्लिचहून कोस्त्रोमाकडे जाताना शेक्स्नाचं मुख लागतंच. तेव्हा तिथे फक्त मासेमारांची वस्ती होती. जुन्नरला त्याचा घोडा असदखानाने काढून घेतला होता, ही गोष्ट महाराष्ट्रात बऱ्यापैकी ठाऊक आहे.

रिबिन्स्क जलाशय का बांधला, आणि कोण बुडालं?

१४ सप्टेंबर १९३५ ला निर्णय झाला. हेतू तीन: वीज, मॉस्कोपर्यंत मोठ्या जहाजांना पुरेशी खोली, आणि पुराचं पाणी अडवून हंगामभर वापरणं. व्होल्गावर एक मातीचा बांध आणि लॉक, शेक्स्नावर वीजघर. काम 'व्होल्गोस्त्रोय' या सरकारी बांधकाम संस्थेने केलं आणि हात होते 'व्होल्गालाग' या सक्तमजुरीच्या छावणीतल्या कैद्यांचे.

मूळ आराखड्यात पाण्याची पातळी ९८ मीटर होती. मग ती १०२ करण्यात आली. चार मीटरचा फरक कागदावर छोटा दिसतो. पण हा सगळा प्रदेश सपाट, म्हणून बुडीत क्षेत्र जवळजवळ दुप्पट झालं आणि मोलोगा नावाचं जुनं शहर फुगवट्यात आलं. साधारण १,३०,००० माणसं उठवली गेली. ज्यांची घरं लाकडी आणि धड होती त्यांनी ती उतरवून ओंडक्यांवर क्रमांक घातले, त्यांचे तराफे बांधले आणि नदीतून खाली सोडले. रिबिन्स्कच्या काठावर तेच क्रमांक बघून भिंत पुन्हा रचायची. ज्यांची घरं कुजकी ठरली त्यांच्या पदरात अपुरी भरपाई पडली. हे सगळं घाईत झालं. जंगल पुरतं तोडलं गेलं नाही, आणि पाण्याखाली उभी झाडं नंतर मच्छीमारांच्या जाळ्यांना वर्षानुवर्षं छळत राहिली.

भरण १३ एप्रिल १९४१ ला सुरू झालं. युद्ध सुरू होताच वीजघराची घाई झाली. पहिलं यंत्र १८ नोव्हेंबर १९४१ ला ताडपत्रीच्या छताखाली चालू केलं, कारण इमारत अजून झालीच नव्हती. दुसरं जानेवारी १९४२ मध्ये. मॉस्कोच्या लढाईच्या हिवाळ्यात ही वीज मॉस्कोला गेली. पूर्ण पातळी गाठायला १९४७ उजाडलं. क्षेत्र ४,५८० चौ.कि.मी. आणि पाणी २५.४ घन कि.मी. म्हणजे सरासरी खोली अवघी ५.६ मीटर. समुद्रासारखा पसारा, विहिरीइतकी खोली.

मोलोगातल्या काही लोकांनी स्वतःला घरांना साखळदंडाने बांधून घेतलं, ही कथा सगळीकडे फिरते. ती एका कथित अहवालावर उभी आहे आणि अभ्यासकांत त्याबद्दल वाद आहे. बिनदिक्कत सांगू नये.

मोलोगा आज दिसतं का?

पाणी खाली गेलेल्या वर्षी दिसतं. ऑगस्ट २०१४ मध्ये गावातल्या रस्त्यांच्या आणि घरांच्या पायाच्या खुणा उघड्या पडल्या होत्या. नेहमी मात्र वर पाणीच. धरणग्रस्तांच्या वस्तू, फोटो, कागदपत्रं यांचं संग्रहालय रिबिन्स्कमध्ये आहे, १९९५ पासून.

लॉकमधून जहाज वर कसं चढतं, आणि चूक कुठे होते?

धरणावर पेरेबोरी या ठिकाणाजवळ दोन समांतर कक्ष आहेत, प्रत्येकी २९० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. खालची पातळी आणि जलाशय यांत पाण्यानुसार १६-१८ मीटरचं अंतर. जहाज खालून आत येतं, दरवाजे बंद होतात, तळातल्या बोगद्यांतून पाणी भरतं. भिंतीच्या खाचेत पाण्याबरोबर वर सरकणारे तरंगते आकडे असतात, दोर त्यांनाच बांधायचा. नवशिके भिंतीवरच्या स्थिर खुंटीला दोर बांधतात आणि जहाज वर चढताना दोर ताणला जातो. लहान होडी असेल तर ती एका बाजूला कलंडते. वर पोचल्यावर जलाशयात शिरण्याआधी वाऱ्याचा इशारा बघायचा. पाणी उथळ आणि पसारा मोठा असल्याने लाटा आखूड आणि उभ्या येतात, दोन मीटरपर्यंत. नदीच्या जहाजांना त्या मानवत नाहीत.

नाव इतक्या वेळा का बदललं?

१९४६ ते ५७ श्चेर्बाकोव, १९८४ ते ८९ आंद्रोपोव. दोन्ही नावं सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या नेत्यांची. पहिल्याचं बालपण इथे गेलं. दुसरे इथल्या नदी-वाहतूक तंत्रविद्यालयात शिकले आणि जहाजदुरुस्ती कारखान्यात तरुणांचे संघटक होते. मधल्या आणि नंतरच्या काळात रिबिन्स्क.

'बुरान' स्नोमोबाईल इथलीच का?

हो, १९७१ पासून. दोन पट्टे आणि एकच स्की, ही तिची ओळख. इंजिन आरएमझेड-६४०, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. रुंद पट्ट्यांमुळे भुसभुशीत बर्फात ती रुतत नाही आणि मागे भरलेली घसरगाडी ओढते. एक स्की असल्याने जंगलातल्या झाडांमधून निघते, पण कठीण बर्फावर वेगात वळताना कलंडायची भीती असते. तेलाचं प्रमाण चुकलं की प्लग काळा पडतो, म्हणून अनुभवी माणूस खिशात दोन प्लग ठेवूनच निघतो.

आता गाव कशावर चालतं?

सर्वांत मोठा भार सातुर्नवर. त्याच्याकडे जहाजांच्या गॅस टर्बाइन्सचंही काम आहे, कारण २०१४ नंतर युक्रेनकडून येणारा पुरवठा बंद झाला. १९३० चं 'विम्पेल' जहाजबांधणी केंद्र गस्तीच्या बोटी आणि पाण्यावर उचलून धावणाऱ्या 'कोमेता' बोटी बांधतं. केबल कारखाना आहे. एका मोठ्या कारखान्यावर टेकलेल्या गावाला सरकारी मागणीचा हिशेब बघावा लागतो, तोच प्रकार. १९८९ मध्ये लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास होती, २०१० मध्ये दोन लाख. तरुण यारोस्लाव्हल आणि मॉस्कोची वाट धरतात.

बघायला जायचं तर?

यारोस्लाव्हलहून बसने साधारण दीड-दोन तास. जहाजांचा हंगाम एप्रिलअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. मे उजाडला तरी काठावर थंडी बोचते, गरम कपडे ठेवावेत. क्रेस्तोवाया रस्त्यावर दुकानांच्या पाट्या क्रांतीपूर्वीच्या वळणाच्या अक्षरांत लिहिल्या आहेत, त्या फिरत फिरत वाचाव्यात. स्पासो-प्रिओब्राझेन्स्की चर्चचा घंटामनोरा शिखरासह सुमारे ९४ मीटरचा, १८०४ चा. चर्च मात्र १८५१ चं. १९६३ चा रस्त्याचा पूल त्याच्या अगदी शेजारून जातो. पुलावर मधोमध थांबलं की एका बाजूला दोन्ही बाजार-इमारती दिसतात, दुसऱ्या बाजूला वरच्या अंगाला व्होल्गा. संध्याकाळी तिथे वारा असतो, टोपी धरावी.